माध्यमसाक्षरता

माध्यमसाक्षरता : वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, मोबाइल यांतून जे समोर येते ते कोणी तयार केले, कोणासाठी, कशासाठी आणि त्यातून काय गाळले, हे विचारण्याची सवय. मोबाइल सफाईने चालवता येणे ही वेगळी गोष्ट आहे. ती चार दिवसांत येते. सवय लागायला वर्षे जातात.

शब्द नवा असला तरी गावाला ही समज नवी नाही. हलगी वाजवत कोतवाल दवंडी देत फिरायचा तेव्हा तो कोणाचा निरोप सांगतो हे लहान पोरालाही ठाऊक असे. ती चावडीची बातमी. पारावर ऐकलेली बातमी वेगळी; तिच्यावर ‘कोण सांगत होतं?’ हा प्रश्न लगेच यायचा आणि सांगणाऱ्याची पत पाहून ती घ्यायची की सोडायची हे ठरायचे. मोबाइलवरच्या फॉरवर्डने या दोन्ही बातम्या एकाच पाटीत टाकल्या. पाठवणारा ओळखीचा, पण सांगणारा कोण ते कळत नाही. सगळा घोळ या एका जागी आहे.

जागतिक पातळीवर या विषयाची पहिली मोठी नोंद म्हणजे युनेस्कोच्या पुढाकाराने 1982 मध्ये जर्मनीत झालेला ग्रुनवाल्ड जाहीरनामा. मराठी वृत्तपत्र त्याच्या दीडशे वर्षे आधी, 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’च्या रूपाने सुरू झाले होते, पण वृत्तपत्र वाचायचे कसे, हे शाळेत शिकवावे असे फारसे कोणाला वाटले नाही. राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात माध्यमसाक्षरता हा आजही स्वतंत्र विषय नाही.

येडशीचा वाघ : धाराशिव तालुक्यातले येडशी हे वाटेवरचे गाव. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नव्हती तेव्हाही बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशीवरून लातूरला जायची. आता सोलापूर–धुळे महामार्ग इथून जातो. शेजारी रामलिंगचे देऊळ आणि सुमारे 22 चौरस किलोमीटरचे येडशी-रामलिंगघाट अभयारण्य. डिसेंबर 2024 मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ टिपला गेला. माकडे आणि मोर पाहायची सवय असलेल्या माणसांना ही बातमी खरी वाटणे अवघडच होते.

ती खरी ठरली कशी, हे माध्यमसाक्षरतेच्या कोणत्याही पाठात घालावे असे आहे. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. फोटोतले पट्टे जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर हा नर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. म्हणजे शेकडो किलोमीटर चालून आलेला. ‘वाघ दिसला’ हे एकाचे सांगणे, ‘वाघाचा फोटो आहे’ हा पुरावा आणि ‘हाच तो वाघ’ ही पडताळणी. तिन्हींची किंमत वेगवेगळी.

आता समजा, त्याच दिवसांत एखाद्या ग्रुपवर रस्ता ओलांडणाऱ्या वाघाचा व्हिडिओ आला आणि खाली लिहिले आहे, ‘आत्ताच, येडशी स्टेशनजवळ, सर्वांना पाठवा’. पट्टे जुळवणे आपले काम नव्हे. पण रस्त्याकडेची झाडे आपल्याकडची आहेत का, मैलाच्या दगडावर कोणती लिपी आहे, गाडीच्या पाटीवर ‘एमएच 25’ दिसते की दुसरेच काही, व्हिडिओतली माणसे कोणती भाषा बोलतात, हे गावातला कोणीही पाहू शकतो. व्हिडिओतले एक चित्र गुगल लेन्सवर टाकले तर तेच दृश्य आधी कुठे कुठे येऊन गेले, तेही बऱ्याचदा सापडते. ‘आत्ताच’ हा शब्द तर नेहमीच संशयाचा. तो संदेश आठ दिवसांनी वाचला तरी ‘आत्ताच’च असतो.

वय आणि समज : वयाबरोबर ही समज चढत जाते असे मानले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक वयाचे आंधळे कोपरे निराळे.

वर्षाच्या आतले मूल पडद्यावरच्या मांजरीला हात लावायला जाते. त्याच्यासाठी तो पडदा नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये वर्षाच्या आतल्या बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असे सांगितले. घास भरवताना मोबाइल समोर धरण्याची रीत मात्र आता शहरापुरती राहिलेली नाही. चार-पाच वर्षांच्या सुमारास जाहिरात आणि कार्यक्रम वेगळे आहेत हे कळू लागते, तेही ‘जाहिरातीत गाणं असतं आणि ती लवकर संपते’ एवढ्यावरच. तिला आपल्याला काहीतरी विकायचे आहे, हे उमजायला सातवे-आठवे वर्ष उजाडते. तोवर बिस्किटाच्या पुड्यासाठी दुकानापुढे मांडलेला हट्ट हा जाहिरातीचा विजय असतो, पोराचा दोष नव्हे. स्वीडनने बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करण्यास बंदी घातली, ती याच कारणाने.

नऊ ते बारा हे शिकवण्याचे खरे वय. या वयात ‘छापलंय म्हणजे खरं’ अशी श्रद्धा असते, पण मोठ्यांची चूक पकडण्याचा आनंद त्याहून मोठा असतो. त्याचा उपयोग करावा. एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रे पाचवीच्या मुलांपुढे ठेवावीत आणि एकाच बातमीचे दोन मथळे वाचायला लावावेत. मग बातमीसारख्या दिसणाऱ्या चौकटीच्या कोपऱ्यात बारीक टायपात लपलेला ‘जाहिरात’ हा शब्द शोधायला सांगावे. खर्च दहा-पंधरा रुपये.

तेरा-चौदाच्या पुढे हात सराईत होतो आणि घरातले सगळे ‘त्याला मोबाइलमधलं सगळं कळतं’ म्हणू लागतात. हा मोठा गैरसमज. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात सहावी ते आठवीच्या वयाच्या 80 टक्क्यांहून अधिक मुलांना ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात बातमीच वाटली. रील बनवता येते म्हणून रीलमागचा हिशेब कळतो असे नाही.

मोठ्यांचे काय होते, ते धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याने दाखवले. 1 जुलै 2018 रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या वर्षी मूल पळवण्याचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो कराचीत पालकांना सावध करण्यासाठी केलेल्या फिल्मचा तुकडा होता. मूल परत आणून देतात तो शेवट कापलेला. काय गाळले, हा प्रश्न इतका महाग पडू शकतो. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

साठीनंतर अडचण बुद्धीची नसते, भिडेची असते. ‘पाहुण्यानं पाठवलंय, खोटं कसं असेल?’ 2016 च्या अमेरिकी निवडणुकीवरच्या अभ्यासात 65 वर्षांवरच्या लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या सुमारे सातपट खोट्या बातम्या फेसबुकवर पुढे पाठवल्याचे आढळले. नातवंडांना उपदेश आणि आजोबांना सूट, ही आपली वाटणी उलटी आहे.

भोंग्याचा उपाय : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा नियम केला. धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही त्याच वर्षी तो कित्ता गिरवत सहा ते आठ ही वेळ मुलांच्या अभ्यासासाठी ठरवली. उपाय चांगला, कारण नियम थोरांनाही लागू. पण हे पथ्य झाले, औषध नव्हे. ती वेळ संपून मोबाइल उघडल्यावर काय पाहायचे आणि कशावर विश्वास ठेवायचा, ते भोंगा सांगत नाही.

अशा चुकीच्या विश्वासातून ग्रामीण भागात मोठे नुकसान करणारा एक प्रकार म्हणजे पीएम किसान किंवा दुसऱ्या योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल. सरकारी योजनेचा हप्ता अशा फाइलने येत नाही. ती उघडली गेली आणि खात्यातून पैसे गेले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता 1930 या क्रमांकावर फोन करावा.