नाडी लागतेय ना?

जर्मनीतल्या हाले शहरात रिशार्ड फॉन फोल्कमान नावाचा एक सर्जन होता. १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात हा गडी पॅरिसच्या वेढ्यावर होता आणि त्या दिवसांत त्याने चक्क परीकथा लिहिल्या! 'रिशार्ड लिआंडर' या टोपणनावाने छापलेलं ते पुस्तक जर्मनीत पुढे खूप लोकप्रिय झालं. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र त्याचं नाव चिकटलंय ते वाकड्या हातांना.

मुलाचा हात मोडतो. घट्ट बँडेज बांधतात. ते सोडल्यावर दिसतं काय, तर मनगट आणि बोटं आत वळलेली, पंजा पक्ष्याच्या नख्यांसारखा आखडलेला. नस दुखावली असेल, अशी तेव्हाची समजूत. १८८१ मध्ये फोल्कमानने लिहिलं की नाही, रक्त न पोचल्याने स्नायू मेलेत. मेल्यावर शरीर ताठतं ना, तसंच इथे जिवंत माणसाच्या हातात झालंय. आणि हे काही तासांत होतं.

आता यातली मेख बघा. हातापायांतले स्नायू फॅशिया नावाच्या चिवट पडद्यांच्या बंद कप्प्यांत असतात. हाड मोडलं की आत रक्त साचतं, सूज येते, पण कप्पा काही ताणला जात नाही. मग दाब वाढतो. पाऱ्याच्या ३०-४० मिलिमीटरपर्यंत गेला की बारीक केशवाहिन्या दबायला लागतात. मोठ्या धमनीत मात्र १२० च्या आसपासचा दाब असतो, त्यामुळे ती मजेत वाहत राहते. म्हणजे मनगटावर नाडी लागते, बोटं गुलाबी दिसतात, आणि आत स्नायू मरत असतात. आमच्या धंद्यात सांगायचं तर सर्व्हर पिंगला उत्तर देतोय म्हणून सगळे निवांत, आणि आत डेटाबेस कधीच झोपलेला!

उपाय सोपा आहे : फॅशिया उभा चिरायचा, कप्पा मोकळा करायचा. शिकागोच्या जॉन मर्फीने १९१४ मध्ये हेच सुचवलं. १९२६ मध्ये पॉल जेप्सनने कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की वेळेवर दाब मोकळा केला तर पाय आखडत नाही. झालं की मग! पण नाही. १९४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रिफिथ्सने मांडलं की दोष धमनीचा आहे, ती दुखावते आणि आकुंचन पावते. हे मत बरीच वर्षं टिकलं. मला या सगळ्या गोष्टीत हेच सर्वांत महागात पडलेलं वाटतं. धमनीच गुन्हेगार म्हटल्यावर तपासणार काय? नाडी! आणि नाडी तर लागतेय.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला लंडनमध्ये याच दुखण्याचा दुसरा, जास्त भयानक चेहरा दिसत होता. बाँबहल्ल्यांत कोसळलेल्या घरांखालून तासन्‌तास पाय चिरडलेली माणसं बाहेर काढली जात. आधी बरी वाटत. मग पाय सुजे, रक्तदाब पडे, लघवी कमी होत जाई आणि आठवड्याभरात माणूस जाई. हॅमरस्मिथ हॉस्पिटलच्या एरिक बायवॉटर्सने सहकारी बील याच्यासह १९४१ मध्ये असे चार रुग्ण नोंदवले. मेलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तातून जाऊन मूत्रपिंडं बंद पाडतं, हे त्यातून उलगडत गेलं. म्हणजे उशिराची किंमत फक्त हातापायावर भागत नाही.

कप्प्यातला दाब सुईने मोजायची सोपी साधनं दवाखान्यांत आली ती १९७० च्या दशकात. नुसता आकडा पाहू नका, रक्तदाबाच्या खालच्या आकड्यातून तो वजा करा आणि उत्तर ३० च्या खाली आलं तर चिरा, हा हिशेब एडिंबराच्या मॅक्वीन आणि कोर्ट-ब्राऊन यांनी १९९६ मध्ये पक्का केला. फोल्कमाननंतर ११५ वर्षांनी!

घड्याळ मात्र बदललेलं नाही. साधारण सहा तासांनंतर स्नायू कायमचा जायला लागतो. एक-दोन दिवस उलटल्यावर कप्पा उघडणं तर कधीकधी न उघडण्यापेक्षा वाईट, कारण मेलेल्या स्नायूत जंतू शिरतात आणि हात किंवा पाय कापायची वेळ येते. म्हणून सर्जन तेव्हा बऱ्याचदा हात लावत नाहीत. मग पुढे आखडलेले स्नायू सोडवणं, चांगल्या स्नायूचा कंडरा फिरवून जोडणं, वर्षानुवर्षं व्यायाम. पंजा थोडाफार उघडतो, पहिल्यासारखा होत नाही. आपल्याकडे हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आवळून बांधलेल्या हातांची हीच कथा, पण चांगल्या प्लास्टरखालीही हे होऊ शकतं.

परीक्षेसाठी विद्यार्थी पाच लक्षणं पाठ करतात : वेदना, फिकटपणा, नाडी नसणं, मुंग्या, लुळेपणा. नाडी नसणं आणि लुळेपणा दिसेपर्यंत बहुतेक खेळ संपलेला असतो. आधी येते ती वेदना. मार लागला त्या मानाने फारच जास्त, औषधाला न जुमानणारी. बोटं हळूच सरळ केली तरी पेशंट ओरडतो. लहान मूल नीट सांगू शकत नाही, ते नुसतं रडतं आणि पुन्हा पुन्हा वेदनाशामक मागावं लागतं. अशा वेळी प्लास्टर आणि त्याच्या आतलं कापसाचं अस्तर, दोन्ही कातडीपर्यंत कापून मोकळं करतात, लगेच, रात्रीचे दोन वाजले असले तरी.