मस्तानीला दहापैकी किती?

पुण्यात कोणी "चला, मस्तानी पिऊ" म्हटले तर त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. आम्हा पाबळकरांच्या कानाला मात्र हे वाक्य जरा खटकते. कारण खरी मस्तानी आमच्या गावात आहे, मातीखाली. पाबळ कुठे आले म्हणाल तर शिरूर तालुक्यात, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. हल्ली गावाचे नाव निघते ते डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमामुळे. जुन्या लोकांना विचारा, ते आधी मस्तानीच्या समाधीकडे बोट दाखवतील. कोणी तिला समाधी म्हणतो, कोणी मजार. आम्ही दोन्ही म्हणतो.

तर झाले असे, की माझा नातू आणि त्याचे मित्र यांनी सुट्टीत पुण्यातल्या पिझ्झ्याच्या दुकानांना गुण द्यायचा उद्योग मांडला. दर रविवारी एक दुकान, आणि मग फोनवर अर्धा तास चर्चा. पाव कसा भाजला, चीज किती, बिल किती. ते ऐकून आमचे गणिताचे सर म्हणाले, "गुण द्यायचे काम जन्मभर आपण केले, आणि मजा ही पोरे मारणार?" आम्ही चौघे निवृत्त मास्तर. पिझ्झा आमच्या दातांना झेपत नाही. म्हणून ठरले, आपण मस्तानीची परीक्षा घ्यायची. एका दिवसात तीन दुकाने, दर दुकानात एकच पेला आणि चार चमचे. चौघांपैकी तिघांना साखरेचा त्रास, त्यामुळे यापेक्षा जास्त धाडस घरून मंजूर झाले नसते.

गणिताच्या सरांनी वहीत रकाने आखून आणले होते. दुधाचा दाटपणा, फळाचा खरेपणा, आईस्क्रीम, आणि बसायला जागा. ज्यांना मस्तानी ठाऊक नाही (परगावचे आप्त हो, तुमच्यासाठी सांगतो) त्यांनी असे समजावे: थंडगार घट्ट दूध, त्यात आंब्याचा गर किंवा दुसऱ्या कसला स्वाद, वर आईस्क्रीमचा मोठा गोळा आणि सुक्या मेव्याचे तुकडे. ती खायची का प्यायची यावर आमच्यात पहिल्याच दुकानात मतभेद झाले. चित्रकलेच्या सरांनी आधी गोळा खाऊन घेतला. पीटीच्या सरांनी सगळे ढवळून टाकले. दुकानांची नावे आणि गुण मुद्दाम देत नाही. तीन चमच्यांवर कुणाला नापास करणे बरे नव्हे. एवढे सांगतो, की जिथे आंब्याचा गर होता तिथे चौघांचे गुण जुळले आणि जिथे नुसता रंग होता तिथेही जुळले.

आता या पेयाला हे नाव का? पुण्यात दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे, पिणाऱ्यांनी "मस्त" म्हटले म्हणून मस्तानी. दुसरे म्हणजे, बाजीरावांच्या मस्तानीसारखी देखणी म्हणून मस्तानी. ही आपलीच कल्पना असे सांगणारी दुकानेही पेठांत एकाहून अधिक आहेत, त्या भांडणात आपण पडू नये. मूळ शब्द दोन्हीकडे एकच आहे, फारसीतला 'मस्त'.

एक गोष्ट मात्र नक्की. तिने स्वतः हे पेय कधी चाखले नसणार. आईस्क्रीमला बर्फ लागतो, आणि पेशव्यांच्या पुण्यात बर्फ कुठला? अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्याला आला तो १८३३ साली, म्हणजे पेशवाई बुडून पंधरा वर्षे झाल्यावर. पुढे तो मुंबईलाही येऊ लागला. मग बर्फाचे कारखाने निघाले, आणि लाकडी बादलीत बर्फ व खडे मीठ घालून मधला डबा हाताने फिरवायचे आईस्क्रीम शहरोशहरी होऊ लागले. मिठाने बर्फ शून्याच्याही खाली थंड होतो, म्हणून दूध गोठते. हा प्रयोग मी वर्गात करून दाखवत असे. विज्ञान माझा विषय नव्हे, पण मुले त्या दिवशी हमखास हजर राहत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानाच्या मधे आम्ही शनिवारवाड्यापाशी टेकलो. वाड्याच्या एका दरवाजाला मस्तानी दरवाजा म्हणतात, अलीबहादूर दरवाजाही म्हणतात. अलीबहादूर हा तिचा नातू. तिथून बाजीराव रस्त्याने सरळ गेले की राजा केळकर संग्रहालय. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तिथे तो पुन्हा उभा केला आहे. म्हणजे पुण्यात दरवाजा आहे, महाल आहे, पेला आहे. आणि थडगे पाबळला.

तिची हकिकत थोडक्यात अशी. १७२९ साली बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या छत्रसालाच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात धावून गेले. त्यानंतर छत्रसालाची ही मुलगी त्यांच्याबरोबर पुण्यात आली. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला इनाम मिळाली. १७३४ साली मुलगा झाला, तोच समशेरबहादूर. त्याची मुंज करावी अशी बाजीरावांची इच्छा होती म्हणतात, ती काही झाली नाही. बाजीराव मांस-मद्य घेतात याचा दोषही तिच्याच माथी आला. १७४० च्या सुरुवातीला घरात मुंज आणि लग्न अशी कार्ये निघाली, तेव्हा ब्रह्मवृंदाची नाराजी इतकी वाढली की खुद्द पेशव्यांची उपस्थिती नको झाली. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी मस्तानीला कैदेत टाकले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. विषाने, की शोकाने, की आणखी कशाने, याला पक्का पुरावा नाही. गावात ज्याची त्याची गोष्ट वेगळी.

मी शाळेत बाजीरावांच्या स्वाऱ्या शिकवायचो. माळवा, भोपाळ, दिल्लीची धडक. मागच्या बाकावरून हटकून प्रश्न यायचा, "सर, आपल्या गावातली मस्तानी कुठल्या पानावर आहे?" पान नव्हते. मग मी पुस्तक मिटून समशेरबहादूरची गोष्ट सांगायचो. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा. काशीबाईंनी त्याला सांभाळले. ज्याची मुंज झाली नाही तो मुलगा १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. वय सत्तावीसच्या आसपास. वर्गात तेवढा वेळ चिडीचूप असायची.

नातवाला हे सांगितले तर तो म्हणाला, "आजोबा, मार्गारिटा पिझ्झ्यालाही राणीचेच नाव आहे की!" खरे आहे. १८८९ साली इटलीची राणी मार्गारिटा नेपल्सला आली, तेव्हा एस्पोझितो नावाच्या माणसाने तिला पिझ्झा करून दिला आणि तिचेच नाव ठेवले, असे तिकडे सांगतात. त्या गोष्टीवरही इतिहासकारांत वाद आहेत. पण गोष्ट खरी असो वा खोटी, तीत राणीला पिझ्झा वाढला जातो, ती तो खाते, तिला आवडतो. आमच्या मस्तानीच्या वाट्याला असे पान आले नाही. पानाचा लाल रस तिच्या गळ्यातून उतरताना दिसायचा, एवढीच तिची ख्याती उरली. नखरा, रंग, गोडवा. पेल्याला नाव देणाऱ्याच्या मनात कदाचित तेच असेल.

यावर पीटीचे सर म्हणाले, "अहो, पण ज्या पेठांनी तिला नाकारले, त्याच पेठा आज तिच्या नावासाठी रांग लावून उभ्या राहतात. हेही काही कमी नाही." मला ते पटले, पण अर्धेच. रांगेतल्या पोरीबाळींना विचारले तर २०१५ चा सिनेमा आठवतो. तिचा मुलगा पानिपतावर पडला हे आठवत नाही.

नाव बदला असे मी म्हणणार नाही. इतके गोड नाव कोण सोडेल? पेला रिकामा होईपर्यंत बरोबरच्या मुलांना समशेरबहादूरची गोष्ट सांगावी, एवढेच. पाच मिनिटे पुरतात. आणि कधी शिक्रापूरच्या बाजूला आलात तर वाट वाकडी करून पाबळला या. समाधीपाशी फारसे कोणी नसते. चहा आमच्याकडे.

वहीतली बेरीज अजून व्हायची आहे. गणिताचे सर म्हणतात, एक दुकान राहिले.