नऊच्या आधी पंधरा

सर्व्हर सांभाळायला नवीन आलेल्या मुलांना मी सर्वांत आधी एक शिस्त लावतो: प्रोसेस अडकलेली दिसली की लगेच ‘किल -9’ मारायचं नाही. का, असं कुणी विचारलं की मी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा, म्हणजे 1975 सालचा, कोड उघडून दाखवतो.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून घडलेल्या त्या युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नोंदीत सिग्नलसाठी, म्हणजे प्रोसेसला पाठवलेल्या नंबरी सूचनेसाठी, एकच जागा होती. कर्नल तिथे सिग्नलचा नंबर लिहून ठेवी आणि प्रोसेस कर्नलमधून स्वतःच्या कामाकडे परतताना तो तपासला जाई. तेवढ्यात दुसरा सिग्नल आला, तर पहिला पुसला जाई. अपवाद फक्त 9 चा. तो एकदा लिहिला की त्यावर दुसरं काही चढत नसे. आणि सिग्नल पाठवणाऱ्या ‘किल’ कमांडला नंबर दिला नाही, तर ती हाच 9 पाठवी. तो कुठल्याच प्रोग्रामला अडवता येत नाही. फाइल अर्धी लिहून झालेली असली तरी खेळ तिथेच खलास.

1979 च्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक सिग्नलला स्वतंत्र बिट मिळाला आणि वेगवेगळे सिग्नल एकमेकांना पुसेनासे झाले. त्याच आवृत्तीत 15 नंबरचा ‘सिगटर्म’ आला, आणि नंबर न देता चालवलेली ‘किल’ तोच पाठवू लागली. हा सिग्नल प्रोग्रामला पकडता येतो: हातातली फाइल पुरी करायची, तात्पुरत्या फाइली काढून टाकायच्या, मग थांबायचं.

एक फट मात्र राहिलीच. सिग्नल पोचला की बहुतेक वेळा हँडलरची, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या प्रोग्रामच्या भागाची, नेमणूक रद्द होई. हँडलर ती पहिल्याच ओळीत पुन्हा करी, पण त्याआधीच्या निमिषात तोच सिग्नल परत आला, तर प्रोग्राम मरे. बर्कलीच्या 4.2 बीएसडी युनिक्सने 1983 मध्ये ही फट बुजवली. हँडलर कायम राहू लागला आणि तो चालू असेतोवर तोच सिग्नल थोपवून धरला जाऊ लागला. 1988 च्या पॉझिक्स मानकाने ही रीत ‘सिगॲक्शन’मधून पक्की केली.

एवढी मेहनत झाली ती प्रोग्रामला आवराआवर करायला सवड मिळावी म्हणून. थेट 9 मारणारा ती सगळी वाया घालवतो. म्हणून आधी 15 पाठवा, थोडं थांबा, लॉग वाचा. तरीही प्रोसेस हललीच नाही, तर 9 आहेच.