बहिऱ्या यंत्राची कुळकथा

"मला बीपी आहे," असं पनवेलच्या आमच्या लाईन आळीत कुणी म्हणालं तर कुणी हसत नाही. वास्तविक बीपी सगळ्यांनाच असतं, ज्याला नसतं त्याची तिरडी बांधतात. पण मापाचं नाव आजाराला चिकटलं ते चिकटलंच. घरात 'रक्तदाब' कुणी म्हणत नाही, तो शब्द वर्तमानपत्रातला.

आमच्याकडे बीपीचं मशीन कालनिर्णयखाली स्टुलावर असतं. आई रोज सकाळी दंडाला पट्टा बांधते आणि आकडा त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहिते: १३४/८२, खाली 'दूध १ लि.'. गंमत म्हणजे कालनिर्णय १९७३ सालचं, आणि जपानच्या ओमरॉनने आपलं पहिलं रक्तदाबाचं यंत्र काढलं तेही १९७३ साली. दोघांची गाठ आमच्या भिंतीवर पडायची होती.

पण मूळ बरंच मागे आहे. पनवेलकराला मागे जायचं तर पुराणिकांच्या वैद्यकीपाशी थांबावं लागतं. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. वैद्य म्हटला की मनगटावर तीन बोटं आलीच. शार्ङ्गधर संहितेत वाताची नाडी साप-जळवेसारखी, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी चालते असं सांगितलंय. बोटांना कळायचं, पण ते बोटांतच राहायचं. कालच्यापेक्षा आज किती, हे कागदावर उतरायचं नाही.

आकडा पहिल्यांदा मिळाला तो एका घोडीकडून. इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने तिच्या मांडीतल्या रोहिणीत पितळी नळी घातली, तिला उंच काचेची नळी जोडली, आणि रक्त ८ फूट ३ इंच चढलं. त्याने ते १७३३ साली छापलं. एवढी उंच नळी कोण कुठे उभी करणार? १८२८ साली प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने पारा आणला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे पुरुषभर उंचीचा स्तंभ वितीत मावला. आईचे १३४ म्हणजे १३४ मिलिमीटर पारा. तिथे रक्तच चढवलं असतं तर साडेपाच फुटांच्या वर गेलं असतं, आईच्या डोक्यावरून.

शीर न कापता मापायची सोय इटलीत तुरीनच्या रिव्हा-रोच्ची याने १८९६ साली केली. सामान अगदी घरगुती: सायकलची रबरी नळी, शाईची दौत. दंडावर पट्टा फुगवायचा आणि मनगटावरची नाडी लागेनाशी झाली की पारा वाचायचा. म्हणजे बोट होतंच! पण कळायचा फक्त वरचा आकडा. खालचा मिळाला १९०५ साली, रशियन सर्जन कोरोत्कोव्ह याने पट्ट्याखाली नळी लावून कान दिला तेव्हा. ठोके सुरू होतात तो वरचा, विरतात तो खालचा. बोट बाजूला पडलं आणि कानाचं राज्य सुरू झालं.

या पाऱ्यामुळे काय साधलं याचं मुंबईतलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी ५० रुग्णांना देऊन दाब किती उतरतो ते मोजलं आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. मुळी वैद्यांच्या ओळखीचीच होती. जगाने मानली ती आकड्यांमुळे.

बोस्टनमध्ये १९४० सालीच एमन आणि गोल्डशाइन यांनी रुग्णांना घरी दाब घ्यायला लावून पाहिलं. घरचे आकडे दवाखान्यापेक्षा कमी निघाले. आईचंही तेच. डॉक्टरांसमोर १५२, घरी येऊन चपला काढून टेकली की १३४. म्हणून उच्च रक्तदाबाची रेघही घरी खाली ओढतात, दवाखान्यात १४०/९० तर घरी १३५/८५.

मात्र आपल्या स्टुलावरचं यंत्र ऐकत नाही. बहुतेक घरगुती यंत्रांत कान नसतोच. हवा सुटताना पट्ट्यात जी बारीक थरथर उठते ती ते चाचपतं, आणि थरथर कुठे सर्वांत मोठी झाली यावरून दोन्ही आकडे हिशेबाने काढतं. पद्धत कानाची नव्हे, वैद्याच्या बोटांच्या नात्यातली. नाडी अनियमित असली तर ते चुकतं, हात हलला तरी चुकतं, आणि आपण बोललो तर आकडा चढतो. म्हणून पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसायचं, दंड छातीच्या पातळीला ठेवायचा, अर्धा तास आधी चहा नाही.

परवा शेजारच्या काकू मोजून घ्यायला आल्या. पट्टा फुगत असताना सुनेचं सुरू होतं. आकडा १६१. "वहिनी, आता तिचं नाव काढू नका," आई म्हणाली आणि घड्याळाकडे बघत बसली. पाच मिनिटांनी १४३. आईने कालनिर्णयावर तोच लिहिला, शेजारी कंसात 'काकू', म्हणजे स्वतःच्या आकड्यात मिसळायला नको.