पी-३८ लाइटनिंग : दोन इंजिने आणि एक वैमानिक

दुसऱ्या महायुद्धातील आकाशयुद्धाचा अनुभव घरच्या संगणकावर देणारी सिम्युलेटरे आज सर्वपरिचित आहेत. त्यांपैकी ‘इल-२ स्टुर्मोविक’ या मालिकेत अमेरिकेचे पी-३८ लाइटनिंग हे दोन इंजिनांचे युद्धविमान समाविष्ट आहे. खेळणाऱ्यापुढे प्रारंभीच एक विकल्प असतो : इंजिनांची व्यवस्था संगणकाकडे सोपवावी, की ती आपल्या हाती घ्यावी? वरवर पाहता हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. तथापि १९४३-४४ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधील तळांवरून उडणाऱ्या वैमानिकांच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा होता, आणि त्यांना असा विकल्प नव्हता.

लॉकहीड कंपनीच्या या विमानाच्या पहिल्या नमुन्याने २७ जानेवारी १९३९ रोजी उड्डाण केले. बारा सिलिंडरांची दोन ॲलिसन इंजिने आणि प्रत्येकास विरळ हवेतही शक्ती टिकविणारा टर्बो-सुपरचार्जर, अशी त्याची रचना होती. प्रत्येक इंजिनासाठी तीन तरफा असत : एक थ्रॉटलची, दुसरी पंख्याच्या फेऱ्यांची, तिसरी इंधन-हवेच्या मिश्रणाची. या तरफा कोणत्याही क्रमाने हलवून चालत नसे. शक्ती वाढवावयाची तर आधी मिश्रण समृद्ध करावयाचे, मग फेऱ्या वाढवावयाच्या आणि शेवटी थ्रॉटल पुढे ढकलून मॅनिफोल्डमधील दाब चढवावयाचा. शक्ती उतरविताना दाब आधी आणि फेऱ्या नंतर. हा क्रम चुकून कमी फेऱ्यांवर दाब एकाएकी चढला, की सिलिंडरांतील मिश्रण अकाली व अनियंत्रितपणे पेट घेई आणि इंजिन निकामी होई. सिम्युलेटरात या चुकीची शिक्षा एका तांबड्या सूचनेने संपते, एवढाच फरक.

विसाव्या फायटर ग्रुपचे अधिपती कर्नल हॅरल्ड राऊ यांनी जून १९४४ मध्ये वरिष्ठांना लिहिलेले पत्र या संदर्भात फार मोलाचे आहे. नुकताच शिक्षण संपवून आलेला वैमानिक इंधन वाचविण्यासाठी मंद गतीने चालला आहे आणि शत्रूने त्याच्यावर अकस्मात झडप घातली आहे, असा प्रसंग त्यांनी कल्पिला. लढण्यापूर्वी त्याला इंधनाच्या ताठर कळा मुख्य टाक्यांकडे वळवावयाच्या, जादा टाक्या सोडून द्यावयाच्या, दोन्ही इंजिनांचे मिश्रण बदलावयाचे, फेऱ्या वाढवावयाच्या, दाब वाढवावयाचा, शिवाय तोफांना ऊब देणारी व त्या सज्ज करणारी अशा कळा चाचपून शोधावयाच्या! विमान सामान्य वैमानिकासाठी फार गुंतागुंतीचे आहे, असा राऊ यांचा निष्कर्ष होता. शक्तीचे नियंत्रण एकाच तरफेत आणावे, ही त्यांची मागणी होती. ती अवास्तव नव्हती. जर्मनांच्या फोके-वुल्फ १९० मध्ये अशी यंत्रणा होतीच. वैमानिक एक तरफ हलवी आणि मिश्रण, फेऱ्या, दाब यांचा मेळ यंत्र आपोआप घाली.

त्यात थंडीची भर पडे. इंजिने दोन्ही बाजूंना दूर असल्यामुळे मध्यभागी बसलेल्या वैमानिकास त्यांची ऊब मिळत नसे. गारठलेल्या बोटांनी सहा तरफा हाताळणे म्हणजे काय, हे खोलीत बसून खेळणाऱ्यास कळणे कठीण.

उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पडणे हा प्रसंग तर याहून बिकट. चालू इंजिनास पूर्ण शक्ती द्यावी, ही माणसाची स्वाभाविक प्रेरणा. परंतु वेग कमी असताना तसे केल्यास विमान बंद इंजिनाच्या बाजूस वळून कलंडे व उलटे होऊन कोसळे. योग्य कृती नेमकी विपरीत होती : प्रथम चालू इंजिनाचीच शक्ती कमी करावयाची, सुकाणूने विमान सरळ धरावयाचे, बंद पंख्याची पाती वाऱ्यास कडा दाखवतील अशी वळवावयाची, आणि मगच शक्ती हळूहळू वाढवीत न्यावयाची. हे नुसते सांगून पटण्यासारखे नव्हते. म्हणून १९४४ मध्ये लॉकहीडचे परीक्षक वैमानिक टोनी लेव्हिएर यांना इंग्लंडला पाठविण्यात आले आणि एका इंजिनावर विमान कसे खेळविता येते याची प्रात्यक्षिके त्यांनी वैमानिकांसमोर केली. पण त्याच वर्षी आठव्या वायुसेनेच्या लढाऊ तुकड्यांतून पी-३८ मागे घेऊन त्याच्या जागी पी-५१ देण्यात आले.

या माघारीचा सगळा दोष विमानाच्या माथी मारण्याची प्रथा आहे. इंजिनांतील दोष खोटे नव्हते. परंतु पॅसिफिक रणक्षेत्रातील वृत्तान्त पाहता हा निर्णय अपुरा वाटतो. रिचर्ड बाँग यांचे चाळीसही विजय याच विमानातले आहेत. तेथील उबदार हवा व कमी उंचीवरील लढती यांचा लाभ झाला, हे खरेच. पण ज्या तरफांनी इंग्लंडमध्ये नवख्यांचा घात केला, त्यांनीच येथे लाभ दिला.

जून १९४४ च्या अखेरीस चार्ल्स लिंडबर्ग न्यू गिनीतील हॉलंडिया येथे ४७५ व्या फायटर ग्रुपमध्ये दाखल झाले. ते सैनिक नव्हते, नागरी तज्ज्ञ होते. त्यांचे विमान परते तेव्हा त्यात इतरांपेक्षा बरेच अधिक इंधन शिल्लक असे. कारण साधे होते : इतर वैमानिक दोन हजारांहून अधिक फेऱ्या व समृद्ध मिश्रण ठेवीत; लिंडबर्ग फेऱ्या १,६०० पर्यंत उतरवीत, मिश्रण विरळ करीत आणि दाब मात्र चढा ठेवीत. इंजिने जळतील, अशी शंका वैमानिकांनी घेतली. ज्याने त्याने क्रमाचे व दाबमर्यादेचे पाठ घोकले होते, त्याला ती येणारच. पण मर्यादा सांभाळून केलेल्या या जुळणीने इंजिनांची हानी झाली नाही आणि विमानाच्या कामगिरीची त्रिज्या शंभराहून अधिक मैलांनी वाढली. फोके-वुल्फच्या एकतरफी यंत्रणेत ही जुळणी वैमानिकाच्या हाती राहिलीच नसती. सिम्युलेटरात इंजिने संगणकाकडे सोपविणाऱ्याच्याही हाती ती राहत नाही. २८ जुलै १९४४ रोजी लिंडबर्ग यांनी, नागरिक असूनही, याच विमानातून एक जपानी विमान पाडले.