राखण आधी, रोपण मागाहून

चिंचोटीच्या धबधब्यापाशी वाळवंटाची कथा सांगावी, हे पुष्कळांस विचित्र वाटेल. वसईच्या या मुलखात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु हाच धबधबा वैशाखात जाऊन पाहावा. पाऊस किती पडला, याइतकाच तो धरून कोणी ठेवला, हाही प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मारवाडच्या इतिहासात सापडते.

चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १७३० मध्ये, जोधपूरजवळ खेजडली गावी महाराजा अभयसिंहांची माणसे चुन्याच्या भट्ट्यांसाठी लाकूड तोडावयास आली. अमृतादेवी बिश्नोई हिने झाडास मिठी मारली आणि प्राण दिला. तिच्यासह ३६३ स्त्रीपुरुष तेथे पडले, असे परंपरा सांगते. ते झाड खेजडी. म्हणजे आपण दसऱ्यास पूजतो ती शमी. तिची मुळे खोल जातात, पाला गुरांना होतो, शेंगा माणसांना होतात, आणि तिच्या आसऱ्याने बाजरी पिकते. झाड गेले की शेतही जाणार, हे त्या लोकांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये जोधपुरास मरुभूमीवरील वनीकरणाचे केंद्र निघाले. १९५९ मध्ये त्याचीच केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था झाली. सरकत्या वाळूच्या टेकड्या तेथे कशा बांधल्या? प्रथम कुंपण घालून गुरे वर्ज्य केली. मग वारा अडावा म्हणून झुडपांच्या काटक्यांच्या ओळी वाळूत रोवल्या. रोपे लावली ती त्यानंतर. मात्र झटपट हिरवळीसाठी आणलेली विलायती बाभूळ पुढे मोकाट पसरली आणि देशी झाडांच्या मुळावर आली. तेव्हा कोणते झाड लावावे, हाही विवेक हवाच.

आपल्याकडे सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत, अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार आहे. १९७२च्या दुष्काळाने ते गाव खचले होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पत्करली, डोंगरावर चर खणले आणि झाडे लावली. चराईबंदीचा पहिला चटका शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यास बसतो, हे विसरून चालणार नाही. म्हणून तेथे गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. गरिबाचा चारा सांभाळला, तरच बंदी टिकते.

१९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून आपण दर जुलैत रोपे मोजतो; पुढच्या जुलैत त्यांतील किती जगली, हे क्वचितच मोजतो. २००३ पासून तुंगारेश्वर अभयारण्य आहे. तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. मारवाडाने वाळूत जे राखले, ते आपण एवढ्या पावसात गमावले, तर दोष आभाळास देता येणार नाही. या दसऱ्यास शमी पूजताना एवढे स्मरावे, आणि गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपापाशी एकदा जाऊन यावे.