पायरीचे गुण

आपल्या काळी शेवटची घंटा झाली की पर्यवेक्षक उत्तरपत्रिका हातातून ओढून घेत. वेळ तेव्हाही पुरत नसे. मात्र गणिताचे उत्तर चुकले, तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळत. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्यही केला.

अभियांत्रिकी प्रवेशाची एमएचटी-सीईटी आधी कागदावर गोळे रंगवून होत असे. २०१९ पासून ती संगणकावर आली. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटे, आणि पडद्यावर सतत सरकणारे घड्याळ. पायऱ्या कच्च्या कागदावरच राहतात. परीक्षा अनेक सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नसंचांवर होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. त्याच सत्रातील किती टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढेच तो सांगतो. समान गुणांच्या दोन मैत्रिणींचे सत्र वेगळे असेल, तर पर्सेंटाइलही वेगळा येऊ शकतो.

लाखोंची परीक्षा घ्यायची तर ही सोय समजण्यासारखी आहे. पण मुलांचे गाऱ्हाणे केवळ घड्याळाचे नाही. आपण उत्तरापर्यंत कसे पोचलो, हे कोणी वाचतच नाही, हे त्यांना सलते. आपले ते लिखाण गुरुजनांनी लाल शाईचे पेन हाती घेऊन वाचले होते.